मूल दोघांच्या हजेरीवर मांडा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या बऱ्याच कारखान्यांची पहिली पाळी सकाळी सातला लागते. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. लहान मुलांच्या झोपेचा विचार केला तर तो योग्यच आहे. पण सातच्या पाळीसाठी सिडकोतून सव्वासहाला तरी निघावं लागतं. आई आणि बाप दोघंही पहिल्या पाळीला असतील, तर सव्वासहा ते नऊ या पावणेतीन तासांत सात वर्षांचं मूल कोणाच्या भरवशावर असतं? आजी असेल तर आजीच्या, नाहीतर शेजारच्या काकूंच्या, आणि दोघीही नसतील तर बाहेरून कडी लावलेल्या दाराच्या.

हा विषय निघाला की चर्चा एकाच वाटेने जाते: आईने कसं जमवावं. लवकर उठावं, आदल्या रात्री भाजी निवडून ठेवावी, वेळेचं नियोजन करावं, अगदीच जमत नसेल तर दोन वर्षं नोकरी सोडावी. माझं म्हणणं असं, की प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. मूल दोघांचं आहे, पण घर, शाळा आणि कारखाना या तिघांच्याही वहीत ते एकट्या आईच्या नावावर मांडलेलं आहे. ते बापाच्याही नावावर मांडलं जात नाही, तोवर आई कितीही लवकर उठली तरी हिशेब जुळणार नाही. आणि हा हिशेब खरोखर आकड्यांत मांडता येतो.

मुलाच्या आजारपणाचाच घ्या. पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला वर्षातून सात-आठ वेळा सर्दी-ताप होणं हे बालरोगतज्ज्ञांच्या लेखी नेहमीचंच. प्रत्येक वेळी किमान दोन दिवस त्याला घरी ठेवावं लागतं, कारण अंगात ताप असलेलं मूल कुठलंही नीट चाललेलं पाळणाघर घेत नाही, आणि घेऊही नये. आठ दुणे सोळा. दुकानं आणि कार्यालयांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. सोळा दिवस एकट्या आईच्या रजेतून काढायचे म्हटलं, तर पावसाळा सरायच्या आत तिची रजा संपते. पुढचे दिवस बिनपगारी. मग 'हिचं नेहमीचंच' हा शेरा, मग बढतीच्या यादीत नाव खाली. बापानेही आपल्या आठ लावल्या, तर आठ आणि आठ सोळा. स्वतःच्या आजारपणाला दोघांनाही काही उरत नाही हे खरं; पण निदान एकाच्याच पगाराला आणि नावाला कात्री लागत नाही. कारखान्यातले रजेचे नियम वेगळे, आकडे वेगळे. गणित मात्र हेच.

केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण काय सांगतं तेही पाहावं. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की ही सरासरी जे कोणी घरकामाला हात लावतात फक्त त्यांचीच आहे. हातच न लावणारे यात धरलेले नाहीत, आणि २०१९ मध्ये जवळजवळ तीन-चतुर्थांश पुरुष त्या दुसऱ्या गटात होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषांनी उचललेली नाहीत. त्यांचीही नऊ मिनिटं कमीच झाली आहेत.

घड्याळाने मोजता येतं ते असं. जे मोजता येत नाही ते जास्त थकवतं. मटकीच्या उसळीचा एक डबा घ्या. बुधवारी सकाळी मुलाच्या डब्यात उसळ हवी असेल, तर सोमवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते. मंगळवारी सकाळी निथळून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, मग रात्री ती फ्रिजमध्ये न ठेवली तर बुधवारी पहाटे वास येतो. थंडीत उलट, गाठोडं उबदार जागी ठेवलं नाही तर बुधवार उजाडला तरी मोड बाहेर पडलेले नसतात. बुधवारची फोडणी दहा मिनिटांची. नवरा ती दहा मिनिटं उभा राहिला की म्हणतो, "डबा मी केला." त्याने खरंच केला. पण सोमवारी रात्री साडेदहाला, भांडी आवरताना, 'बुधवारी उसळ' हे आठवलं कोणाला? मटकी संपत आली आहे हे रविवारी किराणा आणताना लक्षात कोणी ठेवलं?

'मदत करणारा नवरा' ही शाबासकी इथेच पोकळ ठरते. मदत म्हणजे कोणी सांगितल्यावर करायचं काम. सांगणं, आठवण ठेवणं, झालं की नाही पाहणं हे ज्याचं त्याच्याकडेच राहतं. नोकरी करणाऱ्या घरात कामाचे तुकडे वाटून उपयोग होत नाही. कामं अख्खी वाटावी लागतात, आठवणीपासून आवराआवरीपर्यंत. लसीकरण बापाकडे, म्हणजे कार्ड त्याच्या कपाटात: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर, पुढे पाचव्या वर्षीचा. तारीख तोच लक्षात ठेवणार, अर्धी रजा तोच टाकणार, रात्री ताप आला तर वजनाप्रमाणे किती औषध द्यायचं हे डॉक्टरांना तोच विचारून आलेला असणार. शाळेचं तसंच. गृहपाठ, गणवेश, रिक्षाकाकांचा पगार, पालकसभा हे सगळं एकाकडे. डबे आणि किराणा दुसऱ्याकडे. सहा महिन्यांनी अदलाबदल. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, पंधरा मिनिटं दोघांनी बसून पुढच्या सात दिवसांचा कागद फ्रिजला लावायचा: कोणाची कोणती पाळी, शाळेला कधी सुट्टी, आजी गावी कधी जाणार, आणि मूल आजारी पडलं तर या आठवड्यात पहिली रजा कोणाची. हे शेवटचं नाव आधीच लिहिलेलं असलं की पहाटे पाचला थर्मामीटर हातात धरून वाद घालावा लागत नाही.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. पहिले तीन आठवडे काम वाईट होतं. गणवेशाच्या दिवशी रंगीत कपडे जातात, पोळ्या वातड होतात, डब्यात चमचा राहतो. याच वेळी बायको "राहू दे, मीच करते" म्हणते आणि काम परत तिच्याकडे येतं. ते तिने म्हणू नये. चमच्यावाचून मूल एक दिवस हाताने खाईल. घरातल्या मोठ्यांनीही, विशेषतः सासूबाईंनी, मुलाच्या हातात लाटणं दिसल्यावर हळहळू नये. त्या हळहळीपायी कितीतरी चांगल्या वाटण्या आठवड्याभरात मोडतात.

आता कारखान्याकडे वळू, कारण घरातली वाटणी शेवटी गेटवर अडते.

मातृत्व रजा २६ आठवड्यांची, पहिल्या दोन मुलांसाठी. १९६१ च्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ती १२ वरून २६ वर गेली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आता असेम्ब्ली लाइनवर आठ तास उभं राहून काम करणारी बाई आठव्या महिन्यापर्यंत कशी थांबणार? ती आठ आठवडे आधीच घेते. उरतात १८ आठवडे, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिने. आणि बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध द्या, पाणीसुद्धा नको, असं आरोग्य खात्याची प्रत्येक भिंत सांगते. ऑफिसात बसून काम करणारीला दोन्ही जमू शकतं, उभ्याने काम करणारीला नाही. मधले पावणेदोन महिने भरून काढायचे तर तिला दूध काढून ठेवावं लागतं. त्यासाठी आतून कडी लागणारी खोली, प्लगचा पॉइंट, हात धुवायला बेसिन, छोटा फ्रिज आणि दर तीन-चार तासांनी वीस मिनिटं, एवढंच लागतं. काढलेलं दूध साधारण खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली नाशिकचीही हवा 'साधारण' राहत नाही, तेव्हा फ्रिज ही चैन नव्हे. दूध गरम करायचं ते बाटली कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर कधीच नाही. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विश्रांत्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त देणं कायद्याने बंधनकारक आहे. बाळ पाच-सात किलोमीटरवर पाथर्डी फाट्याला आणि आई सातपूरला, तर त्या दोन विश्रांत्या कागदावरच राहतात.

पैशाबद्दल एक गैरसमज आहे, तो मोडायला हवा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येते आणि तिच्या रजेचा पगार विमा महामंडळ देतं, मालक नाही. त्यासाठी मागच्या दोन वर्गणी कालावधींत (प्रत्येक सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राटी कामगारांचं इथेच बिनसतं: कंत्राटदार बदलला की नवा माणूस नवा विमा क्रमांक काढून देतो आणि मागचे दिवस हिशेबातून गळतात. क्रमांक जन्मभर एकच असतो. रुजू होतानाच जुना दाखवायचा आणि पगारपत्रकावर तोच छापून आलाय ना, हे पहिल्याच महिन्यात पाहायचं. ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे त्यांच्या सव्वीस आठवड्यांचा भार मात्र पूर्णपणे मालकावर येतो. 'लग्न झालंय का, पुढे काय विचार आहे?' हा प्रश्न मुलाखतीत मुलींनाच विचारला जातो, त्याचं एक मूळ इथे आहे. मुलाचा सगळा खर्च एकाच पालकाच्या नोकरीला चिकटवला की ती नोकरी मालकाला महाग वाटणारच. त्यावर उपाय आईची रजा कमी करणं हा नव्हे. बापालाही रजा देणं हा आहे.

बापाच्या रजेची आज स्थिती काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, आणि ते बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घेता येतात. खासगी क्षेत्राला असा कुठलाही कायदा नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक मांडलं होतं. ते कायद्यापर्यंत पोचलं नाही. हा धागा महाराष्ट्राने पुन्हा उचलायला हवा. मात्र रजा जन्माच्या आठवड्यालाच बांधून ठेवली तर आपल्याकडे ती वाया जाईल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सून सातव्या-आठव्या महिन्यात येवल्याला किंवा चांदवडला माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत येते. या काळात बाप रजा घेऊन करणार काय? सासरवाडीला पाहुणा म्हणून बसणार. त्याची खरी गरज आहे ती आई कामावर रुजू होते त्या पंधरवड्यात.

हा पंधरवडा बापाने एकट्याने घरी काढावा आणि त्याच काळात बाळाला पाळणाघरात रुळवावं. पहिले दोन दिवस बाळाबरोबर तासभर बसून यायचं. तिसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर जाऊन परत यायचं. मग दोन तास, मग एक दूध आणि एक झोप तिथे होईपर्यंत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण दिवस. घाई करून पहिल्याच दिवशी आठ तास सोडलं की बाळ दूध तोडतं, रात्री सारखं उठतं, आणि मग "पाळणाघर मानवलं नाही" म्हणून आईची नोकरी सुटते. शिवाय बाळाला एकट्याने सांभाळून पंधरा दिवस काढलेल्या बापाला नंतर काहीही सांगावं लागत नाही. कोणतं रडणं भुकेचं आणि कोणतं झोपेचं, हे त्याला कळलेलं असतं.

पाळणाघराबद्दलचा कायदा पाहिला तर तो वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, असं होतं. ज्या नियमात बायका मोजल्या जातात, त्यात तिसाव्या बाईनंतर भरती थांबवण्याचा मोह असतो. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने मोजणी बदलली: पन्नास किंवा जास्त कर्मचारी, मग ते स्त्री असोत की पुरुष. "आमच्याकडे बायका फक्त बाराच आहेत" हे कारण आता चालत नाही. एकशेवीस पुरुष आणि बारा बायका असलेल्या कारखान्यातही पाळणाघर हवं, आणि त्यात त्या एकशेवीस जणांचीही मुलं यावीत. या बदलाचा अर्थ आपल्याकडे अजून मुरलेला नाही. दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा मात्र कायदा अजूनही आईलाच देतो. ती बापालाही हवी. निदान एक भेट.

प्रत्यक्षात पाळणाघर कुठे फसतं? तपासणीपुरती एक खोली रंगवली जाते, भिंतीवर ससा-हत्ती काढले जातात आणि खोलीला कुलूप असतं, कारण सांभाळायला माणूस नाही. किंवा साफसफाईच्या मावशींनाच 'जरा लक्ष ठेवा' सांगितलेलं असतं. खोली पेंट शॉपच्या किंवा प्रेसच्या भिंतीला लागून असते. वेळ साडेनऊ ते साडेपाच असते आणि पहिली पाळी सातची. एकच बाई सांभाळायला, ती आली नाही की त्या दिवशी पाळणाघर बंद. आणि मुलाला तिथवर आणायचं कसं? कंपनीच्या बसमध्ये पहाटे झोपेतलं मूल मांडीवर घेऊन बसायला जागा मिळेलच असं नाही. अशा पाळणाघरात कोणी मूल ठेवत नाही. मग वर्षभराने अहवालात लिहिलं जातं की 'मागणी नाही'.

यातून वाट आहे, आणि ती कायद्यातच लिहिलेली आहे. अनेक आस्थापनांनी आपापला वाटा घालून एकत्र पाळणाघर चालवावं, अशी मुभा नवी संहिता देते. नाशिकसाठी ही तरतूद जणू मापाने शिवलेली आहे. सातपूर आणि अंबडमध्ये एकमेकांना लागून शेकडो लघुउद्योग आहेत, पन्नास-साठ माणसांचे. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना इथे वर्षानुवर्षं काम करतात. रस्ते, वीज, पाणी यांसाठी त्या एकत्र येतात, तशा पाळणाघरासाठीही याव्यात. ढोबळ हिशेब असा. तीस मुलं, त्यातली बारा दीड वर्षाच्या आतली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी म्हणतात. रांगत्या बाळांसाठी ते प्रमाण मला अपुरं वाटतं, चार-पाच बाळांमागे एक हवी. सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा चालवायचं तर दोन तुकड्यांत मिळून आठ माणसं, स्वयंपाकीण धरून. दरमहा १५,००० प्रमाणे १,२०,०००. तळमजल्यावरची हजारेक चौरस फुटांची जागा २५,०००. तीस मुलांचा खाऊ-जेवण रोजी ४० रुपये धरून सव्वीस दिवसांचे ३१,२००. वीज, पाणी, धुलाई, डॉक्टरांची भेट २०,०००. एकूण दोन लाखांच्या आत. पंचवीस कारखान्यांत वाटले तर प्रत्येकी महिना ८,००० रुपये. वायर हार्नेसच्या किंवा तपासणीच्या टेबलावर हात बसलेली एक मुलगी सोडून गेली, तर नवीन मुलीचा हात बसेपर्यंत दोन-तीन महिने भंगार आणि परत आलेला माल यात याहून जास्त जातं, हे कुठल्याही मालकाला सांगावं लागत नाही.

जागा मात्र कारखान्यात नको. पपया नर्सरी, गरवारे पॉइंट, त्रिमूर्ती चौक अशा, लोक बस बदलतात त्या ठिकाणांजवळ हवी, म्हणजे बापालाही जाता-येता मूल सोडता-घेता येईल. सिटीलिंक या शहर बससेवेच्या पहाटेच्या फेऱ्या तिथून जातील अशा आखता येतात. आणि हीच जागा सकाळी साडेसहा ते नऊ शाळकरी मुलांसाठीही उघडी ठेवली, तर सुरुवातीला म्हटलेल्या पावणेतीन तासांचा प्रश्न तिथेच सुटतो: मूल तिथे दूध पिईल, गृहपाठ पाहील, रिक्षाकाका तिथूनच शाळेत नेतील.

पाळ्यांबद्दल थोडं. पाळणाघर परवडत नाही म्हणून कितीतरी जोडपी उलट पाळ्या लावून घेतात: तो सात ते साडेतीन, ती साडेतीन ते बारा. कागदावर मूल एक मिनिटही एकटं नाही. पण तो साडेतीनला सुटतो तेव्हा ती गेटच्या आत असावी लागते, म्हणजे ती पावणेतीनला घर सोडते आणि तो सव्वाचारला पोचतो. रोजचा दीड तास रिकामा. शिवाय नवरा-बायको एकमेकांना भेटतात ते चिठ्ठ्यांमधून. दुसऱ्या पाळीला अर्ध्या तासाची सवलत आणि पाळी दर आठवड्याला न फिरवता महिनाभर एकच ठेवणं, एवढ्याने यातलं बरंच सुटतं, आणि त्याला पैसा लागत नाही. इथली आणखी एक अडचण म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी आणि शाळेची रविवारी. रोज नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्या बापाला सकाळ-संध्याकाळ घर दिसतच नाही. त्याने फोनवरून होणारी कामं, म्हणजे फॉर्म, फी, डॉक्टरांची वेळ, शाळेचे निरोप, ही पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत. गाडीत येता-जाता रोजचे सहा-सात तास त्याच्या हातात असतात.

नोकरदार पालक म्हटलं की शहरच डोळ्यांसमोर येतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याहून बायकांच्या टोळ्या येतात. विरळणी (घडातले मणी कमी करणं), डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), सगळं काम मान वर करून. तान्हं मूल मांडवाच्या अँगलला बांधलेल्या झोळीत असतं आणि शेजारच्या ओळीत डाऊनी-भुरी या रोगांवरची फवारणी चालू असते. त्यांना कुठलीही पन्नासची अट लागू होत नाही. त्यांच्यासाठी काय करायचं, हे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने लिहून ठेवलं होतं: कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलांपाशी बसवायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. पंधरा जणींच्या टोळीमागे एक हजेरी. युरोपला माल पाठवणारा बागायतदार रसायनांच्या अंशाची तपासणी करून घेतो, औषधांच्या नोंदी ठेवतो. ही एक हजेरी त्याला जड नाही. फवारणीच्या दिवशी मुलं त्या प्लॉटमध्ये नकोत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला सावलीत हवीत. याला तर खर्चही नाही.

आजीबद्दलही बोलायला हवं, कारण नाशिकमधली निम्मी घरं तिच्या गुडघ्यांवर उभी आहेत, असं म्हणायला हरकत नाही. साठीतली बाई दोन वर्षांच्या मुलामागे दहा तास धावते, आणि तिला आठवड्याची सुट्टी नसते. तिला ती द्यावी, ठरलेल्या वारी. आणि तिचा दवाखाना, तिची भिशी, तिचं वारीला जाणं हे फ्रिजवरच्या कागदावर आधी लिहावं.

मालकांचा आक्षेप माहीत आहे: बायका निघून जातात हे धरूनच आम्ही चालतो, आता पुरुषही उठून जायला लागले तर लाइन चालणार कशी? जशी आज एखादा माणूस मित्राच्या लग्नाला किंवा गावच्या जत्रेला जातो तेव्हा चालते, तशीच. एका टेबलाचं काम किमान तिघांना येत असलं पाहिजे, हे उत्पादनाचं साधं तत्त्व आहे. मूल आजारी पडलं म्हणून बाप दोन तास गेला आणि लाइन थांबली, तर दोष बापाचा नाही, त्या टेबलाचं काम दुसऱ्या कोणालाच न शिकवणाऱ्याचा आहे.

जूनमध्ये शाळेचा फॉर्म भरताना 'तातडीचा संपर्क' असा एक रकाना असतो. बहुतेक फॉर्मवर तिथे आईचा नंबर असतो, म्हणून मूल पडलं, ओकलं, तापलं की फोन तिलाच जातो. ती मशीनवर असली तरी, आणि शाळा बापाच्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर असली तरी. यंदा त्या रकान्यात बापाचा नंबर आधी लिहावा. शाळेनेही पालकांच्या ग्रुपमध्ये दोघांचे नंबर घ्यावेत. आणि दुपारी फोन आला, तो सुपरवायझरकडे गेटपास मागायला गेला, तर त्याला पास मिळावा, आणि "का रे, घरी बाई नाही का?" असं कोणी विचारू नये.